गुरुवारचा डबा

लातूर
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

मंजुश्रीताई,

पत्राच्या वर 'सप्रेम नमस्कार' वगैरे जे लिहायचं असतं ते लिहिलं नाही. तुम्ही तेवढंच वाचून कागद फाडाल अशी भीती वाटली. माझा फोन तुम्ही ब्लॉक केलाय, ह्यांचाही केलाय, सख्ख्या भावाचा. मग पोस्टच उरलं. दरवर्षी शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवते, आणि स्वतः खरं पत्र लिहून मला वीस वर्षं झाली असतील.

सृष्टीचा तेरावा झाला. आम्हाला कुणी बोलावलं नाही. पावसानं रस्ते बंद होते, असं आम्ही शेजाऱ्यांना सांगितलं. थोडे होतेही.

पण आधीचं मनातून जात नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही कडू घास घेऊन नांदेडला आलो होतो. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी सोयऱ्यांनी आणायची, त्यात मामाच्या घरचं पहिलं. हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही उंबऱ्यातच उभ्या राहिलात. टोपल्यावरचं फडकंसुद्धा उचललं नाहीत. "तुझ्या हातचं? आता आनिक कोन ऱ्हायलंय माझ्या घरात?" एवढंच म्हणालात आणि आत गेलात. वीस माणसं बघत होती. लोह्याच्या पुढे ह्यांनी गाडी थांबवली आणि ते टोपलं शेताच्या कडेला रिकामं केलं.

मला राग आला, ताई. दुःख आहेच, पण राग आला. लोक म्हणतात, मामीनं पोरीला फ्रीजरमधलं शिळं खाऊ घातलं. तुम्हीही तेच म्हणता. तेव्हा एकदा नीट ऐका.

जूनमध्ये सृष्टी आमच्याकडे आली, बारावीला, मेडिकलच्या क्लाससाठी. मेसच्या तेलानं तिला पित्त व्हायचं. "मामीच्या हातचं खाईल लेकरू," हे तुम्हीच म्हणालात. माझी शाळा चाकूरच्या पुढे. पावणेनऊची एसटी चुकली की हजेरी गेली. आईंच्या गुडघ्यांना ओट्याशी उभं राहणं जमत नाही. मग मी रविवारी पहाटे उठून आठवड्याचं रांधायचे. शिजलं की परातीत पसरून पंख्याखाली, कोमट झाल्याशिवाय फ्रीजर उघडायचा नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत एका वेळेपुरतं, वर बोटभर जागा सोडून, कारण गोठताना अन्न फुगतं आणि झाकण उचकटतं. वर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर तारीख आणि वार. बटाटा घालायचा नाही, तो नंतर पिठूळ लागतो. वरण घट्टच ठेवायचं, पाणी तापवताना घालता येतं. भात सगळ्यात आधी गार करायचा, कारण भात लबाड. तो बिघडला तरी वास देत नाही, आणि कितीही उकळला तरी त्यातलं विष जात नाही. आणि एकदा बर्फ सुटलेलं अन्न पुन्हा गोठवायचं नाही. मेलं तरी नाही.

हे मी आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये बायकांना शिकवलंय. क्लासच्या पोरांच्या आया, नोकरीवाल्या, अठरा जणी वह्या घेऊन बसायच्या. तुम्हीसुद्धा नांदेडहून फोन करून विचारायचात, येसराची आमटी गोठवली तर फाटते का म्हणून. फाटत नाही, असं मी सांगितलं होतं.

आणि रुपया. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपया ठेवून ती वाटी मी फ्रीजरमध्ये कायमची ठेवते. लाईट जाऊन बर्फ वितळला तर रुपया बुडतो, आणि पुन्हा गोठलं तरी तो तळाशीच सापडतो. म्हणजे आपल्यामागे काय झालं ते कळतं. त्या गुरुवारी, सृष्टीनं डबा नेला त्या दिवशी, रुपया वर होता. मी स्वतः पाहिला. फ्रीजर एक मिनिटसुद्धा बंद पडलेला नव्हता.

तेव्हा दोष माझ्या डब्यात नव्हता. बाकी तुम्ही मोठ्या आहात.

दामिनी


लातूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ताई,

अण्णाराव दाजींनी ह्यांना फोन केला. तुम्ही नाही केलात, पण तुम्ही शेजारी बसला होतात हे ह्यांना कळलं, तुमचा खोकला ऐकू येत होता. दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय म्हणे, अन्नातल्या विषानं यकृत निकामी झालं, बहुधा भातातून.

बहुधा. हा शब्द तुम्ही नीट वाचा. सृष्टी बाहेर काहीच खात नव्हती का? क्लासच्या गल्लीत तळलेल्या भाताच्या गाड्या आहेत, सगळी पोरं तिथंच उभी असतात. तिच्या मैत्रिणींना कुणी विचारलं? तिथल्या पाण्याचं कुणी विचारलं? सरळ मामी. मामी सापडायला सोपी.

अण्णारावांनी हेही विचारलं म्हणे, त्या दिवशी दामिनीनं स्वतः काय खाल्लं. मी शाळेतच काहीतरी खाल्लं. नक्की काय ते आता आठवत नाही. सृष्टीच्या डब्यातला तो मसालेभात मी नेला नाही, कारण त्या डब्यावर तिनंच लिहून ठेवलं होतं. तुम्हाला तिची ती सवय माहीत आहे. माझ्या चिकटपट्टीवर मी वार लिहायचे आणि खाली ती तिच्या बारीक अक्षरात काहीतरी खरडायची. गवारीवर 'शिक्षा'. दुधीवर 'ही कुणी मागवली?'. आणि त्या डब्यावर, 'मसालेभात, फक्त माझा. मामींनी हात लावू नये.' मी हसले होते. म्हणून हात लावला नाही.

तिचं ते वाचलं की मला अजूनही हसू येतं आणि मग मी बाथरूममध्ये जाऊन बसते.

आईंचं विचाराल तर बऱ्या आहेत. दिवसभर बाल्कनीत तुळशीपाशी बसून असतात. माझ्याशी बोलत नाहीत. मी चहा नेऊन दिला की कप घेतात, माझ्याकडे बघतात आणि मान फिरवतात. तुमच्या बाजूच्या झाल्यात असं समजा.

दामिनी


लातूर
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

ताई,

भाऊबीजेला हे नवीन शर्ट घालून संध्याकाळपर्यंत बसून होते. तुम्ही येणार नाही हे त्यांना माहीत होतं. सात वाजता त्यांनी शर्ट काढून घडी करून ठेवला.

आज मला जे सापडलं ते तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे.

तेव्हापासून फ्रीजर मी उघडला नव्हता. आज धीर करून साफ करायला काढला. अकरा डबे निघाले. एकेकाचं झाकण काढलं, आणि प्रत्येकात, अगदी मधोमध, तुळशीचं पान. काळं पडलेलं, अन्नात रुतलेलं. मी आईंपुढे डबा धरला आणि विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही.

सात सप्टेंबरला चंद्रग्रहण होतं, रविवारी. माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून मी पहाटेच रांधून, डबे भरून, साडेअकराच्या गाडीनं निलंग्याला गेले. हे देगलूरकडे दौऱ्यावर. सृष्टी क्लासच्या परीक्षेला. घरात आई एकट्या. वेध दुपारी एकच्या आत लागणार होते. रविवारी तुळस तोडत नाहीत म्हणून त्यांनी पानं शनिवारीच तोडून ओल्या फडक्यात ठेवली होती. ग्रहणात उघडं राहिलेलं अन्न बाधतं, पान घातलं की बाधत नाही, हे त्या जन्मभर करत आल्या. लेकराला ते अन्न खायचंय, मग त्यात पान नको का?

"पर दगडावानी झाल्तं ते," आई म्हणाल्या. "पान आत बसंना. नुसतं वर ठिवून भागत न्हाई, अन्नाला लागावं लागतंय. म्हून काढून ठिवलं समदं ओट्यावर, सुटू दिलं. मग घातलं एकेकात."

"मग परत का नाही ठेवलंत?"

"वेध लागल्यावर अन्नाला हात लावू का? गिराण सुटल्यावर सकाळी आंघोळ केली अन् मग ठिवलं जागच्या जागी. तू वरडतीस म्हून बोलले न्हाई. मागं एकदा उघडला तवा किती बोललीस मला."

रविवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत ताई, सप्टेंबरच्या उकाड्यात, अठरा-एकोणीस तास ते अन्न ओट्यावर होतं. मग पुन्हा गोठलं. फ्रीजर चालूच होता, म्हणून रुपया वर राहिला. सोमवार ते बुधवार मी निलंग्याला होते, डबे गुरुवारपासूनचे होते, आणि सृष्टी आजीनं बसून थापलेल्या भाकरीवर होती. गुरुवारी पहिला डबा निघाला.

मी कुणाला दोष देत नाही. जे आहे ते लिहिलं. कडू घास कुणाच्या दारातून परत पाठवला, एवढं मात्र तुम्ही आता आठवून बघा.

दामिनी


लातूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुम्ही आईंना फोन केलात. मी स्वयंपाकघरात होते. फोनमधून तुमचा आवाज बाहेर येत होता, त्यामुळे ऐकू नये म्हटलं तरी ऐकू आलं. "माय, तूच खाल्लंस माझ्या लेकराला." तीनदा म्हणालात. आईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला होता, तुम्ही बंद केल्यानंतरही. शेवटी मी हातातून काढून घेतला.

त्या दिवसापासून त्या जेवत नाहीत.

आधी वाटलं, रुसल्या आहेत, एक-दोन दिवसांत खातील. आज अकरावा दिवस. चहा घेतात, पाण्याचे घोट घेतात. भाकरी दुधात कुस्करून दिली की ताटली दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवतात, अगदी हळू. ह्यांनी हात जोडले, मग ओरडले, मग त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. "वैजू, ऊठ," एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टर घरी येऊन गेले. आजार काही नाही म्हणाले, पण वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि हृदय थकलंय, असं फार दिवस चालणार नाही. दोनदा सलाईन लावली. दुसऱ्या वेळी त्यांनी सुई स्वतःच काढली.

मी विचारलं, "आई, का असं करता?" तर म्हणाल्या, "मंजू म्हनली, म्या लेकराला खाल्लं. आता आनिक काय खाऊ?"

ताई, तुमचा शब्द परत घ्या. फोनवर नको, समोर येऊन. दुसऱ्या कुणाच्या हातून त्या घास घेणार नाहीत. त्यांनी अज्ञानानं केलं, मायेनं केलं, असं म्हणा. तेवढ्यानं काम होईल.

दामिनी

ता. क. तुमच्या जागी मीही असंच बोलले असते, असं लिहिणार होते. पण ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही.


लातूर
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ताई,

तुम्ही आला नाहीत. मधल्या दोन पत्रांना उत्तर नाही. अण्णाराव ह्यांना म्हणाले, ती म्हणते, मायचं तोंड बघायची माझी ताकद नाही. आई आता अंथरुणातून उठत नाहीत. चमच्यानं पेज द्यायला गेलं तर ओठ घट्ट मिटतात. हाताची कातडी उचलली तर तशीच उभी राहते.

तुम्ही का येत नाही ते मला माहीत आहे. तुम्हाला वाटतं, आईमुळे सृष्टी गेली. तसं मी तुम्हाला वाटायला लावलं.

आता हे वाचा. अर्ध्यात फाडू नका, शेवटपर्यंत वाचा, मग हवं ते करा.

त्या डब्यातलं पान मला दिवाळीनंतर सापडलं नाही. गुरुवारी, अकरा सप्टेंबरला, सकाळी आठ-वीसला सापडलं. बुधवारी संध्याकाळी निलंग्याहून आल्या आल्या मी तो डबा खालच्या कप्प्यात सुटायला ठेवला होता, कारण सृष्टीनं दारातच फर्मान काढलं होतं, "मामी, उद्या माझा भात." सकाळी कढई गॅसवर ठेवली आणि झाकण काढलं. भाताच्या मधोमध पान. मी ते पाहिलं आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. ग्रहण कधी होतं, आईंनी काय केलं असणार, पान आत जायला भात मऊ व्हायला हवा, म्हणजे तो सुटला होता, म्हणजे तो परत गोठलाय. अठरा बायकांना हे शिकवणारी मी. मला कळायला कितीसा वेळ लागणार?

फेकायला हवा होता. पण घरात दुसरं काही नव्हतं. तीन दिवस बाहेर राहून आलेले, पीठ संपलेलं, गाडीला पंचवीस मिनिटं. सृष्टी केस विंचरत होती. मी वास घेतला. वास नव्हता. भाताला नसतोच, हे मीच सांगते. मी पान दोन बोटांनी उचललं, बेसिनमध्ये टाकलं आणि भात कढईत ओतला. खूप तापवला, वाफ येईपर्यंत. उकळलं तरी जात नाही हेही मीच शिकवते. वरून तूप सोडलं, कोथिंबीर घातली, डबा भरला.

रुपया मी त्यानंतर पाहिला. पान पाहिल्यावर. रुपया वर आहे ना, मग काही झालं नसेल, असं मला स्वतःला सांगायचं होतं.

आता सगळ्यात वाईट ते. कढईत भात उरला होता. माझ्यापुरता होता. एरवी मी तो माझ्या डब्यात घातला असता, तिनं काहीही लिहिलेलं असो, तिचं ते लिहिणं गमतीचं होतं आणि आम्ही नेहमी वाटून घ्यायचो. त्या दिवशी मी तो माझ्या डब्यात घातला नाही. उरलेला कचऱ्यात टाकला. शाळेजवळच्या हॉटेलात पोहे खाल्ले. काय खाल्लं ते मला पहिल्या दिवसापासून आठवतंय.

तिला दिला आणि मी घेतला नाही. मुद्दाम केलं नाही, एवढं तरी लिहावं असं वाटतं, पण मुद्दाम म्हणजे नेमकं काय हे मला आता सांगता येत नाही. हातांना कळलं होतं. मनानं घाई आहे असं म्हटलं.

आणखी एक. गुरुवारी संध्याकाळी ती उलट्या करायला लागली तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं, दुपारी काय खाल्लं, कधी शिजवलेलं होतं? मी म्हणाले, घरचंच, ताजं. उरलंय का, तपासायला? नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या लक्षात आलं ते रक्ताच्या तपासणीवरून. मी खरं सांगितलं असतं तर तिला आदल्या संध्याकाळीच मोठ्या दवाखान्यात हलवलं असतं का, ती वाचली असती का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. शुक्रवारी तुम्ही आलात आणि मला मिठी मारून रडलात. "तू हाईस म्हून बरं," असं म्हणालात. मी तेव्हाही गप्प राहिले.

हे सगळं काल मी आईंना सांगितलं. तुम्हाला लिहिण्याआधी त्यांना सांगायला हवं असं वाटलं. त्यांच्या उशाशी बसून, पान, भात, डबा, पोहे, सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी उठून बसतील, मला शिव्या देतील. त्यांनी डोळे उघडले.

"मला ठावं हाय," म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"म्या व्हते की तिथंच. लसूण सोलीत बसल्ते दारात. तू पान काढलंस, फेकलंस. मला वाटलं म्हनावं, नको काढू माय, गिराणाचं पान हाय ते, लेकराच्या पोटात जाऊ दे. पर तुझी गाडी निघून जायाली व्हती. गप ऱ्हायले."

ताई, त्यांना पहिल्या दिवसापासून वाटतंय की मी पान काढून फेकलं म्हणून सृष्टी गेली. माझ्याकडे बघून मान फिरवायच्या, ते त्यासाठी. आणि तीन महिने त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. ह्यांना नाही, तुम्हाला नाही. फोनवर तुम्ही तीनदा तसं म्हणालात, तेव्हाही नाही.

मी विचारलं, का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "काय सांगू? मंजूनं तुला जित्ती सोडली असती का? वैजूचं घर मोडलं असतं. माझं काय, म्या पिकलं पान."

मी त्यांना समजावलं. पानानं काही झालं नाही, भात बाहेर राहिला त्यानं झालं, आणि ते कळूनही मी दिला. तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आसंल. तुझं बी खरं आसंल." आणि डोळे मिटले. मी पेज पुढे केली, तर ओठ मिटलेलेच.

माझ्या सांगण्यानं काही होत नाही. तुमचा शब्द आहे तो, तुम्हीच काढायला हवा. हे पत्र तुम्ही पोलिसांना दाखवा, सगळ्या सोयऱ्यांत वाचून दाखवा, मी नाही म्हणणार नाही. ह्यांनाही काल रात्री सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. तुम्ही येणार असाल तर मी घरात राहणार नाही, शाळेत किंवा निलंग्याला जाईन. पण या. दिवस फार नाहीत.

दामिनी


लातूर
रविवार, ११ जानेवारी २०२६

मंजुश्रीताई,

हे पत्र कशासाठी लिहिते, माहीत नाही. तुम्ही सगळं पाहिलंय. पण समोर असताना तोंडातून एक शब्द निघाला नाही, तो कुठेतरी ठेवायला हवा.

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मी पिशवी भरून निघत होते, तुम्ही दारातच हात आडवा केलात. मग मी स्वयंपाकघरात थांबले आणि भिंतीआडून ऐकलं. "माय, तू न्हाई खाल्लंस लेकराला. म्या चुकले. तोंड उघड." किती वेळा म्हणालात. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला.

तेरा दिवस त्या तुमच्या हातून खात होत्या. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला होता. त्याचाही हिशेब माझ्याच नावावर राहील. पण शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी धपाटं मागितलं आणि अर्धं खाल्लं, आणि "मंजूच्या हाताला मीठ कमीच" असं म्हणाल्या, हे मी विसरणार नाही.

गेल्या रविवारी हॉलमध्ये कॉलनीतल्या बायकांना बोलावून सगळं सांगितलं. सगळे नियम मला येत होते, हे आधी सांगितलं. अकरा जणी उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या, पण कुणी वही उघडली नाही. फ्रीजर बंद करून दार उघडं ठेवलंय. आत ती वाटी तेवढी आहे. रुपया तळाला गेलाय.

आता ते, ज्यासाठी लिहायला बसले. आई गेल्या त्या दिवशी आमच्या घरातली चूल बंद. संध्याकाळी अण्णाराव नांदेडहून टोपलं घेऊन आले. कडू घास. तुमच्या घरचा. पंगत बसली, तुम्ही वाढत होतात. मी आतल्या खोलीत दाराआड बसले होते, मला वाटलं, मला कुणी बोलावणार नाही आणि ते बरोबरच आहे. सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही ताट घेऊन आत आलात. माझ्यासमोर खाली बसलात. भाकरी मोडलीत, पिठल्याला लावून पहिला घास तुम्ही स्वतःच्या तोंडात घातलात आणि माझ्याकडे बघत सावकाश चावून गिळलात. मग त्याच भाकरीतला उरलेला अर्धा भाग माझ्या ताटात ठेवलात.

"माफ केलं न्हाई म्या," तुम्ही म्हणालात. "खा."

मी खाल्लं, ताई.

दामिनी